पहिली सही चतुराबाईची

वडीगोद्रीजवळची वस्ती
२२ फेब्रुवारी १९९९

सिस्टरबाईंना नमस्कार.

मी कोण ते आधी सांगते, न्हाईतर तुम्ही दिवसाला शंभर म्हाताऱ्या बघता, त्यात मी कुठली सापडायची. तीन तारखेला तुमच्या दवाखान्यात नंदा नावाची बाई बाळंत झाली. पोरगी झाली, अन् मंग रगत थांबंना. त्या नंदाची मी आजी, चतुराबाई. जिच्या तोंडात तंबाखू होती म्हणून तुम्ही साऱ्या बायांसमोर "आधी थुंकून या" म्हणून ओरडलात, ती. आता सापडली असंल.

नंदाला आई न्हाई. मीच वाढवली. पहिलं बाळंतपण माझ्याकडं झालं, दुसरं सासरी भोकरदनकडं, म्हणून मी एवढ्या लांब आल्ते. हे पत्र माझ्या हातानं लिहून राह्यले. साक्षरतेच्या वर्गाला दोन वर्षं गेले, त्याचं हे फळ. ओळ वाकडी गेली तर मान वाकडी करून वाचा.

तुमच्या दवाखान्यात शिरले तवा दारात केसपेपर लिहायला एक सिस्टर. गोळ्याच्या खिडकीत एक सिस्टर. सुई द्यायला एक. बाळंतपणाच्या खोलीत एक. मला वाटलं, सरकारनं एका तोंडाच्या चार सिस्टरा ठेवल्यात. दुपार झाली तवा ध्यानात आलं, बाई एकच हाय, पळून राह्यलीय. डॉक्टर ऑपरेशनच्या शिबिराला गेलेले.

नंदाचं रगत बघून तुम्ही माझ्याकडं वळलात. "आजी, साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. इथं पोटावर हात ठेवा. गोल चोळा, दाबा, मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." तुम्ही तिकडं सलाईन लावली, सुई दिली, तिसऱ्या हातानं पोरगी पुसली. हाताखालचा पिशवीचा गोळा मऊ पडला की मी ओरडायची, अन् तुम्ही माझ्यावर ओरडायच्या. तासाभरानं गोळा कवठासारखा कडक झाला अन् रगत थांबलं.

गोड बोलणं मला जमत न्हाई. कारळाची चटणी नातजावयाच्या, म्हणजे साहेबरावाच्या हातून पाठवली हाय. तुमचा डबा चार वाजेपर्यंत खिळ्याला टांगलेला पाह्यला. डॉक्टर लोकं आम्हाला येळेवर जेवा म्हणतात, त्यांना तो खिळा दाखवा.

अन् नुसती चटणी न्हाई. मी निघायच्या दिवशी तुमच्या गावचा भुजंग नंदाच्या ओट्यावर कागद घेऊन आल्ता, दवाखान्यात सिस्टर वाढवा म्हणून. बायांनी अंगठे लावले. मी सही केली, साऱ्यात वर, पहिली. तेवढं तरी तुमचं काम करून आले.

चतुराबाई


ग्रामीण रुग्णालय, क्वार्टर नंबर ३
४ मार्च १९९९

चतुराबाई आजींना रहिमुन्निसाचा सलाम.

तुमचं पत्र आलं. आम्हाला इथे पत्रं येतात ती वरून येतात, खाकी पाकिटात. पेशंटच्या घरून आलेलं हे माझ्या नोकरीतलं पहिलं. मान वाकडी न करता वाचलं.

मी ओरडले, खरं आहे. माझा आवाज चढतो. आमच्याकडे सात सिस्टरांच्या जागा होत्या. दोघी बदलून गेल्या, आणि नव्या यादीत त्यांच्या जागाच नव्हत्या. एक रिटायर झाली, एक लांबच्या रजेवर आहे. राहिलो तिघी. तीन पाळ्या, तिघीजणी. केसपेपर लिहिणारे बाबू गेले तेव्हापासून ते काम आमच्याकडे. औषधं देणारे आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या दवाखान्यात असतात, तेव्हा ती खिडकीही आमची. तीन तारखेला माझीच पाळी होती. हे गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाही. तुम्ही चार सिस्टर मोजल्या ते वाचून मी आणि गिरिजाबाई सिस्टर खूप हसलो, म्हणून लिहिलं.

चटणी तिघींनी मिळून दोन दिवसांत संपवली. नंदाला लोहाच्या गोळ्या चालू ठेवायला सांगा. काळी शी झाली तरी घाबरायचं नाही.

एक विचारू का, आजी? ज्या कागदावर तुम्ही सही केली, तो तुम्ही स्वतः वाचला होता का?

तुमची,
रहिमुन्निसा


वस्ती
१५ मार्च १९९९

सिस्टरबाई,

तुम्ही मास्तरणीसारखा प्रश्न विचारलात. न्हाई वाचला. कागद टाईपाचा, अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी. मला बसचा बोर्ड वाचता येतो, दुकानाची पाटी वाचता येते, तुमचं पत्र आलं तर दोन दिवसांत वाचून होतं. मुंग्या वाचता येत न्हाईत. पण भुजंगनं वाचून दाखवला. "बायांचे हाल व्हायलेत, तरी सरकारनं इथं पुरेशा सिस्टर द्याव्यात." बराबर लिहिलं होतं. तो शाईचा डबा घेऊन माझ्यासमोर आला, मी म्हणलं, डबा तिकडं ने, मला पेन दे. सारा ओटा बघत राह्यला.

आता तुमची चोरी मला कळलीय. परवा साहेबराव आल्ता, नंदाची अन् पोरीची खुशाली सांगायला. म्हणला, ती सिस्टर आता बाळंतपणाच्या खोलीत नसते. आत स्टोअरच्या खोलीत टेबलखुर्चीवर बसून चादरी अन् उशांची वही लिहिते. मी म्हणलं, चला, बाईला खुर्ची भेटली! बढती झाली अन् मला एका शब्दानं कळवलं न्हाई. मी काय पेढे मागणार होते? दात हायेत कुठं.

मोठी सिस्टर झालात तर नव्या पोरींना चोळायचं नीट शिकवा. तो गोळा कसा कडक होतो ते सांगून कळत न्हाई, हात धरून दाखवावं लागतं.

तुमचं चांगलं झालं, मला बरं वाटलं. एवढंच.

चतुराबाई


क्वार्टर नंबर ३
२४ मार्च १९९९

आजींना सलाम.

मला हे तुम्हाला कळवायचं नव्हतं. पण बढतीबद्दल तुम्ही आनंद केला, आता गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं होईल.

बढती नाही, आजी. चौकशी होईपर्यंत मला प्रसूतीच्या खोलीतून बाजूला केलं आहे. भुजंगरावांनी दिलेला कागद तक्रारीचा होता. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, तीन फेब्रुवारीला सिस्टर दोन तास जागेवर नव्हत्या, पेशंट ताटकळले. दोन, सिस्टर उद्धट बोलल्या. तीन, पेशंटच्या नातेवाईक म्हातारीकडून दवाखान्याचं काम करून घेतलं. सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, तरी पुरेशा सिस्टर द्याव्यात. तुम्हाला वाचून दाखवली ती तेवढीच असणार.

त्या दिवशी भुजंगराव पाठीवरच्या गळवाला पट्टी करायला आले होते. मी नंदाजवळ होते. त्यांना मी आतूनच "बसा" म्हणून ओरडले, हे मला आठवतं.

मला त्या कागदाची नक्कल मिळाली आहे. खाली अकरा अंगठे आणि वर एक सही आहे. सही वळणदार आहे.

माझी नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरची आहे. दरवेळी नवी निघते. ही तीस एप्रिलला संपते. चौकशी पंधरा एप्रिलला. त्यांनी विरुद्ध लिहिलं तर पुढची निघणार नाही. माझा भाऊ नजीर जालन्याला असतो, त्याला सामानासाठी टेम्पो बघून ठेवायला सांगितलं आहे.

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही माझ्यासाठीच सही केली हे मला माहीत आहे. तुम्ही येऊ नका. ऊन फार आहे, आणि तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते.

रहिमुन्निसा


वस्ती
३० मार्च १९९९

रहिमुन्निसा,

आता तुला सिस्टरबाई लिहित न्हाई. ज्या बाईचं मी वाटोळं केलं तिला अहोजाहो करणं मला शोभत न्हाई.

तुझं पत्र दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एकदम कळलं, की तिसऱ्या गोष्टीतली म्हातारी मीच. माझ्या हातानं मी माझ्याच हाताची तक्रार करून आले. अंगठा लावला असता तर निदान कुणी म्हणलं असतं, अडाणी बाई, फसली. सही केली म्हणजे शहाणी. साक्षरतेच्या वर्गाच्या मास्तरणीला मी काल रस्त्यात गाठलं अन् म्हणलं, तू मला लिहायला शिकवलंस, आधी नको म्हणायला शिकवायचं होतं. ती बिचारी काहीच न कळून रडकुंडीला आली.

तू येऊ नका म्हणतेस. ऊन मला शिकवू नको, मी सत्तर उन्हाळे काढलेत. मी येणार.

पण एक सांग. साहेब मला विचारतील, सिस्टरनं तुझ्याकडून काम करून घेतलं का? हो म्हणावं तर तुझी नोकरी जाते. न्हाई म्हणावं तर खोटं. खोटं बोलायला मला जड जात न्हाई, शेजारणीशी रोज बोलते. पण त्या दिवसाबद्दल खोटं बोलायला जीभ वळंल का ते मला म्हाईत न्हाई. तू सांगशील तसं बोलते. जल्दी कळव.

चतुराबाई


क्वार्टर नंबर ३
५ एप्रिल १९९९

आजी,

जे झालं तेच सांगा. मी शिकवलं तर ती माझी साक्ष होईल, तुमची होणार नाही.

माझीही इच्छा नाही की तुमचे हात त्या खोलीत नव्हते असं कुठे लिहिलं जावं. ते होते म्हणून नंदा आहे.

येणारच असाल तर सकाळची गाडी धरा. जवळ कांदा आणि डोक्याला ओला रुमाल ठेवा.

रहिमुन्निसा


वस्ती
१९ एप्रिल १९९९

रहिमुन्निसा,

तुला चौकशीच्या वक्ताला बाहेर बाकड्यावर बसवलं होतं, अन् नंतर बोलायला माझ्यासोबत आलेला साहेबराव थांबंना, परतीची गाडी चालली होती. म्हणून आत काय झालं ते लिहून कळवते. दोन दिवस लागले लिहायला. इनलँडवर मावंना, म्हणून वहीची पानं घातलीत.

चौकशीचा साहेब बुटका, चष्म्याचा, आवाज हळू. बाजूला लिहिणारा बाबू. भुजंग पांढरा शर्ट घालून आल्ता, जसा काही नवरदेव. मला स्टूल दिलं. साहेब म्हणाले, "आजी, ही सही तुमची?"

मी म्हणलं, "माझीच. चांगली आलीय का?"

"चांगली आहे. म्हणजे ही तक्रार तुमची."

"सही माझी. तक्रार याची. यानं मला जे वाचून दाखवलं ते वायलं हाय. त्याला म्हणा, आता तुमच्यासमोर वाच, पहिल्या ओळीपासून."

भुजंग म्हणला, "अहो आजी, शेवटी मागणी आपलीच हाय ना? सिस्टर वाढल्या पाहिजेत ना?"

"वाढल्या पाहिजेत. मंग हाय ती कशाला काढतोस?"

साहेबांनी त्याला वाचायला लावलं. वाचताना तो जिथं जिथं अडखळला तिथं तिथं बाबू डोकं वर करून बघायचा. वाचून झालं तवा तो म्हणला, मी दोन तास बसून होतो साहेब, पाठीला ठणका, कुणी बघायला न्हाई. ते खरं हाय. गळू काय असतं मला म्हाईत हाय. मी त्याला म्हणलं, "बाबा, तुझं गळू दोन तास थांबलं. नंदा दहा मिनिटं थांबली नसती." मंग त्यानं कागद बाबूपुढं ठेवला. रागानं न्हाई ठेवला. त्याच्या बायकोला सातवा चालू हाय, हे मला बाहेर गिरिजाबाई सिस्टरनं सांगितलं.

मंग साहेब म्हणाले, सिस्टर दोन तास जागेवर नव्हत्या हे खरं का? मी म्हणलं, "त्या दिवशीची ड्यूटीची वही वाचा." बाबूनं वाचली. केसपेपर, शेख रहिमुन्निसा. औषध खिडकी, शेख रहिमुन्निसा. ओपीडी, शेख रहिमुन्निसा. प्रसूती, शेख रहिमुन्निसा. मी म्हणलं, "तुमच्याच वहीत बाई चार जागांवर हाय. आता ती जागा सोडून गेली म्हणता, तर कंच्या जागेवरून गेली ते सांगा." बाबूनं फाईल तोंडाजवळ धरली. हसत होता मेला.

उद्धट बोलली का? हो, बोलली. "माझ्यावर पण ओरडली. नसती ओरडली तर मी तंबाखूच्या तोंडानं नंदाच्या अंगावर वाकले असते."

मंग आला तो प्रश्न. साहेब म्हणाले, "सिस्टरनं तुमच्याकडून काम करून घेतलं?"

रहिमुन्निसा, बाहेर तुझ्या चपला दिसत होत्या दाराखालून. मी म्हणलं, "हो. घेतलं. अन् मी केलं."

"ते नियमात बसत नाही, आजी."

"नियमात इथं किती सिस्टरा बसतात?"

ते म्हणाले, पूर्वी सात. आता पाच.

"अन् हायेत किती?"

"तीन."

"मंग तिनं माझे दोन हात घेतले तरी तुमचा हिशोब पुरा होत न्हाई."

त्यांनी ड्यूटीची वही मिटली. तवा मी जे बोलले ते तुला पण कधी सांगितलं न्हाई. नंदाची आई, माझी सोनू. पंचवीस वर्षं झाली. नंदा जन्मली अन् तिला असंच रगत गेलं, घरात, माझ्यासमोर. आम्ही चार बाया होतो. पाणी तापवलं, धूर केला, देवाला बोललो. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हात रिकामे होते माझे. मी साहेबांना म्हणलं, "तवा माझ्यावर कुणी ओरडलं न्हाई. कुणी म्हणलं न्हाई, बाई, हात धू अन् इथं दाब. म्हणलं असतं तर तवा पण दाबलं असतं. या बाईनं म्हणलं. आता ते नियमात न्हाई तर न्हाई. पण मला इचारता तर मी सांगते, माझ्या जल्मात माझ्या हातांकडून कुणी घेतलेलं हे सगळ्यात चांगलं काम हाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आजी, हे कागदात घ्यायचं का?"

मी म्हणलं, घ्या. सही करते. पण आधी वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. मी म्हणलं, परत वाचा. परत वाचलं. एका ठिकाणी बाबूनं "मदत केली" लिहिलं होतं, ते मी "तिच्या सांगण्यावरून केली" असं करायला लावलं. त्यानं तुझं नुकसान झालं असंल तर माझ्यामुळं. पण तूच म्हणालीस, जे झालं ते.

शेवटी साहेब म्हणाले, दोन गोष्टी मी काढून टाकतो, तिसरी मला लिहावीच लागंल. मंग पुढं काय, ते वरचे ठरवतील. म्हणजे नक्की काय ते मला कळलं न्हाई. तीस तारखेला काही कळलं की एक ओळ तरी टाक. टेम्पो आला तरी टाक.

चतुराबाई


क्वार्टर नंबर ३
८ मे १९९९

आजींना सलाम.

ऑर्डर निघाली. तीस तारखेला नाही, सहा मेला. मधले पाच दिवस मी नोकरीत नव्हते तरी कामावर होते, कारण गिरिजाबाई सिस्टरांना ताप होता आणि तिसरी एकटी पडली होती. त्या पाच दिवसांत चार बाळंतपणं झाली. कागदोपत्री ती कुणी केली ते मलाही माहीत नाही.

अकरा महिन्यांची ऑर्डर आहे, आणि सोबत लेखी ताकीद. यापुढे नातेवाईकांकडून काम करून घेऊ नये. मी सही करून ती घेतली. प्रसूतीच्या खोलीत परत आले आहे. नजीरला कळवलं की टेम्पो नको.

नवीन सिस्टर मिळाली नाही. पण साहेबांनी अहवालात लिहिलं म्हणून केसपेपरला एक बाबू आठवड्यातले चार दिवस येतात. अक्षर भयंकर आहे. तरी ते दारात बसलेले दिसले की मी त्यांना मनातल्या मनात दुवा देते.

भुजंगराव पत्नीला घेऊन तपासणीला आले होते. रांगेत उभे राहिले. मी तिचं पोट तपासलं, बाळ बरोबर आहे म्हणून सांगितलं. ते खाली बघून म्हणाले, सिस्टर, बाळंतपण तुमच्याच हातून व्हावं. मी म्हटलं, ज्या दिवशी माझी पाळी असेल त्या दिवशी या. एवढं टोचून बोलणं मी तुमच्याकडून शिकले.

सोनूताईंबद्दलचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही एवढ्या उन्हात आलात, ते सगळं परक्या माणसांसमोर बोललात. हे उपकार मी कसे फेडू?

तुमची,
रहिमुन्निसा


वस्ती
२० मे १९९९

रहिमुन्निसा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वस्तीवर सगळ्यांना सांगितलं, की आमची सिस्टर राह्यली. ज्यांना तू कोण तेच म्हाईत न्हाई त्यांना पण सांगितलं.

उपकार वगैरे लिहून पत्राची जागा वाया घालवू नको. मी आधी खड्डा केला, मंग बुजवायला आले. त्यात फेडायचं काय? फेडायचं मला हाय, अन् ते माझ्यानं होणार न्हाई हे पण मला म्हाईत हाय. म्हणून तसलं काही बोलत न्हाई.

ताकीद पाळ. पण ज्या दिवशी पाळता येणार न्हाई त्या दिवशी काय करायचं ते तुला मी सांगायला नको. ती सात जागांची गोष्ट मी सोडलेली न्हाई. इथल्या बायांना पण घेऊन बसतेय. नवा अर्ज मोठ्या अक्षरात लिहायचा, प्रत्येकीनं स्वतः वाचायचा, मंगच सही. त्याला वेळ लागंल. दोघी अजून "सिस्टर"मधल्या जोडाक्षरातच अडकल्यात.

नंदा माहेरपणाला आलीय, पोरीला घेऊन. पोरगी काळी हाय पण नाकाडोळ्यानं बरी. काल सकाळी बघते तर नंदा हिरीवरून भरलेला हंडा कंबरेवर घेऊन येऊन राह्यली. साडेतीन महिन्यांची बाळंतीण! मी दारातूनच सुरू केलं, तुला अक्कल हाय का, सिस्टरनं काय सांगितलंय, हंडा खाली ठेव, एवढ्या लवकर वजन उचलतात का. तिनं हंडा उतरवला, पदर खोचला, अन् माझ्याकडं बघून म्हणली, "आज्ये, तू जरा गप बस."

सोनू असंच म्हणायची. ह्याच आवाजात. ती गेल्यापासून या घरात मला गप बस म्हणायची कुणाची छाती झाली न्हवती.

मी गप बसले. पाटावर बसून तिला दुसऱ्या खेपेला जाताना बघत राह्यले, पार बांधापर्यंत.

एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

चतुराबाई